अपडेट लावण्याआधी

मला नव्या फोनचं आणि नव्या सॉफ्टवेअरचं वेड आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे मी अपडेटच्या विरोधातला माणूस आहे असं कोणाला वाटायला नको. एखादी कंपनी नवा फोन दाखवणार असेल तर मी रात्री जागून तो कार्यक्रम बघतो. फोन मात्र वर्षभराने घेतो, किंमत उतरल्यावर. शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकाच्या पगारात एवढंच बसतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीला राहतो. आई-बाबा जवळच्याच गावात असतात. धानाची शेती आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, पुढच्या एक-दोन वर्षांत गावात घरोघरी फोन आले, आणि ते फोन हळूहळू माझ्याकडे यायला लागले. कोणाचा व्हॉट्सॲप उघडत नाही, कोणाचा फोन भरून गेला आहे. मला आवडतं ते काम. चहा मिळतो आणि वेगवेगळे फोन हाताळायला मिळतात.

गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र अपडेटवरून घरात आणि गावात जे घडलं, त्यामुळे काही गोष्टी मी वेगळ्या करायला लागलो. इतरांनाही त्याचा उपयोग होईल म्हणून लिहितो आहे.

पहिलं २०२४ च्या मे महिन्यातलं. माझ्या फोनला मोठं अपडेट आलं होतं. रात्री जेवण झाल्यावर वायफायवर लावलं. पडद्याच्या अ‍ॅनिमेशनमध्ये काय बदललं ते बघत बसलो. फोन बराच तापला होता, पण मे महिन्यात आमच्याकडे रात्री अकरालाही भिंती गरम असतात, फोनचं काय. सकाळी उठून बघितलं तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ. फोन बंद करून सुरू केला. रेघ तिथेच.

ही हिरवी रेघ तेव्हा देशभर अनेकांच्या फोनवर येत होती. एमोलेड पडद्याच्या फोनमध्ये ती जास्त दिसायची आणि बरेच लोक अपडेटनंतरच आली असं सांगत होते. भंडाऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याने मला सांगितलं की पडदा आणि आतला बोर्ड जोडणारी पातळ पट्टी असते, उष्णतेने तिची जोडणी ढिली पडते. अपडेटच्या वेळी प्रोसेसरवर ताण येतो, फोन तापतो, आधीच कमजोर झालेली जोडणी तेव्हा सुटते. त्याच्या मते फक्त अपडेटला दोष देऊन उपयोग नाही. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात अपडेट पहाटे लावावं, कव्हर काढून लावावं, आणि त्या वेळी चार्जरला लावून गेम खेळू नये, हे त्याचं सांगणं मला पटलं.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. वॉरंटी संपली होती. नव्या पडद्याचा खर्च फोनच्या निम्म्या किमतीहून जास्त सांगितला. मी परत आलो. बसमध्ये त्या रेघेकडेच बघत होतो. खरं सांगायचं तर फोनवर माणसाचा एवढा जीव असू नये, पण माझा होता.

घरी आल्यावर शोधलं तेव्हा कळलं की या रेघेसाठी काही कंपन्या ठरावीक मॉडेलचा पडदा वॉरंटीनंतरही फुकट बदलून देत आहेत. माझं मॉडेल त्यात होतं. काउंटरवर कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. मग मी कंपनीला ईमेल लिहिला. बिलाचा फोटो, आयएमईआय क्रमांक, रेघेचा फोटो आणि सर्व्हिस सेंटरने दिलेला खर्चाचा कागद जोडला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही त्यात लिहिला. त्यानंतर बोलावणं आलं आणि पडदा फुकट बदलून मिळाला. बिल नसतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. म्हणून बिल मिळाल्या दिवशीच त्याचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवावा. दुकानाच्या कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.

फोन दुरुस्तीला दिला तेव्हा आणखी एक अडचण आली. सिम जुन्या फोनमध्ये टाकलं आणि त्यावर यूपीआय नव्याने सुरू केलं. वेगळ्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. सुरक्षेसाठी हा नियम चांगलाच आहे. पण नेमके त्याच दिवशी बाबांना ट्रॅक्टरवाल्याचे पैसे द्यायचे होते. बायकोच्या फोनवरून दिले. तेव्हापासून घरात दोघांच्याही फोनवर यूपीआय सुरू असतं आणि थोडी रोख रक्कम कपाटात असते.

दुसरी गोष्ट २०२५ च्या खरिपाची. १ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीची नोंद सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची पद्धत आली. ती सातबाऱ्यावर चढते. आमच्या जिल्ह्यात हमीभावाच्या केंद्रावर धान विकायचं असेल, तर सातबाऱ्यावर धान दिसायला हवं. म्हणजे हे ॲप आमच्यासाठी गंमत म्हणून वापरायची वस्तू नाही.

त्या ॲपची नवी आवृत्ती टाकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. शेजारचे काका आणि मी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर उभे होतो, पायाखाली चिखल, वरून भुरभुर पाऊस. ॲप म्हणतं नवी आवृत्ती घ्या, फोन म्हणतो जागा नाही. ३२ जीबीचा फोन. त्यात सकाळच्या शुभेच्छांचे फोटो, नातवाच्या नाचाचे व्हिडिओ आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या क्लिपा. धुऱ्यावर नेट इतकं मंद की मोकळी जागा करूनही ॲप उतरलं नसतं. आम्ही घरी परत आलो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ काढले, फोटो आपोआप उतरणं बंद केलं, ॲप वायफायवर नवं केलं, लोकेशन सुरू करून एकदा उघडून बघितलं. मग परत बांधीत गेलो आणि थोड्याच वेळात नोंद झाली.

इथून मी एक गोष्ट धरली. शेतात जायच्या आदल्या रात्री ॲप घरी उघडून बघायचं. अपडेट मागत असेल तर ते तिथेच कळतं. गावातल्या बऱ्याच जणांना मी हे सांगितलं आणि त्यांचा हेलपाटा वाचला.

तिसरी गोष्ट त्याच महिन्यातली, पोळ्याच्या दिवसांतली. एका सकाळी मी फोन हातात घेतला तर कॉल करायचा पडदाच वेगळा. गोलाकार मोठी बटणं, आवडते नंबर आणि अलीकडचे कॉल एकाच पानावर, नंबर दाबायचा कीपॅड बाजूला. मी काहीच केलं नव्हतं. फोनचं अपडेट नव्हतं, फक्त कॉलिंगच्या ॲपचं रूप कंपनीने दूर बसून बदललं होतं. देशभर अनेक फोनांवर ते त्याच दिवसांत बदललं. मला ते आवडलं. बायकोला दाखवलं. तिने बघितलं आणि पोळीकडे परत वळली.

थोड्या वेळाने शेजारणीच्या फोनवरून आईचा फोन आला. "तुझ्या बाबाचा फोन बिगडला. वाजते, पण उचलता नाही येऊन राहिला."

बाबांना येणारा कॉल बोट वर सरकवून घ्यायची सवय होती. नव्या पडद्यावर बोट आडवं, उजवीकडे सरकवायचं होतं. डावीकडे गेलं की कॉल कटतो. बाबा वर सरकवत राहिले, फोन वाजून वाजून बंद झाला. त्यातला एक कॉल कृषी केंद्राचा होता, युरिया आल्याचा. दुपारी बाबा तिथे पोहोचले तेव्हा वाटप संपलं होतं. पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं.

पोळ्याला गावी गेलो तर बैल सजवायच्या आधी माझ्यासमोर फोनच फोन. मागच्या गल्लीतले एक काका घाबरलेले होते. "भाऊ, हॅक झाला जी माझा फोन." त्यांनी फोन बंद करून ठेवला होता आणि बँकेत जाऊन खातं थांबवून आले होते. त्यांना हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पीएम किसान, आरटीओ चलान, लग्नाची पत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, ती उघडून इन्स्टॉल केली की फोनचा ताबा जातो, हे लोकांनी ऐकलेलं आहे. ज्याचा पडदा रात्रीतून बदलला त्याने तोच संशय घेतला. मी त्यांच्या फोनमधली सगळी ॲप्स बघितली. अनोळखी काहीच नव्हतं. नंतर बँकेत जाऊन खातं परत सुरू करून घेतलं.

ज्यांना जुनं रूप हवं होतं त्यांच्यासाठी हे केलं. कॉलिंगच्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून ठेवायचं, ॲप इन्फो उघडायचं, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबायचं. नंबर किंवा कॉलची यादी जात नाही. पण एवढ्यावर थांबलं तर ॲप आपोआप पुन्हा नवं होतं. म्हणून प्ले स्टोअरमध्ये त्याच ॲपच्या पानावर जाऊन तीन टिंबांखालचं 'ऑटो अपडेट' बंद करायचं. बाबांचा फोन असाच पूर्ववत केला.

नंतर माझ्याच फोनवर सेटिंग चाळताना एक पर्याय दिसला. येणारा कॉल बोट सरकवून घ्यायचा की एकदाच दाबून, हे आपण निवडू शकतो. दाबून निवडलं की पडद्यावर 'घ्या' आणि 'नको' अशी दोन वेगळी बटणं येतात. सरकवायचं कामच नाही. चिखलाच्या, ओल्या, जाड बोटांना हे फार सोपं पडतं. गणपतीत गावी गेलो तेव्हा बाबांच्या फोनवर नवी आवृत्ती परत टाकली आणि तो पर्याय लावला. मग शेजारच्या खोलीत जाऊन त्यांना कॉल लावला. त्यांनी उचलला. "हे बरं आहे," म्हणाले. जुन्या पद्धतीपेक्षाही बरं. म्हणजे अपडेट वाईट नव्हतं. ज्याच्यासाठी सर्वात कामाचं होतं त्याला ते कोणी सांगितलं नाही, एवढंच. आणि मधल्या काळात युरिया गेला तो गेलाच.

चौथी गोष्ट ऑक्टोबरची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे बरंच आधी जाहीर झालेलं होतं. आमच्या घरचा लॅपटॉप २०१७ चा, इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे आमचा चांगला चालणारा लॅपटॉप अधिकृतपणे बसत नव्हता. आडमार्गाने विंडोज ११ घालायच्या युक्त्या फिरत होत्या. मला मोह झाला. पण त्या लॅपटॉपवर बायको महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. आठवड्यावर दिवाळी आली होती, गटाच्या बायकांना बचतीचे आणि कर्जाचे आकडे द्यायचे होते. तिने स्पष्ट सांगितलं, "हिशेब होईपर्यंत लॅपटॉपला हात लावायचा नाही."

हात लावला नाही. हिशेब झाल्यावर सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर आणि शिवाय एका जुन्या हार्ड डिस्कवर घेतल्या. मग विंडोज अपडेटच्या पानावरूनच वाढीव सुरक्षेची नोंदणी केली. घरगुती वापरणाऱ्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. त्यासाठी आपल्या खात्याने लॉगिन करावं लागतं आणि सेटिंगचा बॅकअप सुरू केला तर पैसे लागत नाहीत. नवीन लॅपटॉप घ्यायचा की नाही हे ठरवायला वर्ष मिळालं.

माझी हौस मी दुसऱ्या संगणकावर भागवली. घरात एक जुना डेस्कटॉप पडून होता. त्यावर लिनक्स मिंट टाकलं. तो पूर्वीपेक्षा झपाट्याने चालतो. मराठी टायपिंगही होतं. अडचण आली ती जुन्या फाइलींची. गटाच्या २०१२ च्या आसपासच्या फाइली कृतिदेव फॉन्टमध्ये होत्या. तो युनिकोड नव्हे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की उघडल्यावर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बायकोला वाटलं फाइली गेल्या. विंडोजमधली फॉन्टची फाइल उचलून लिनक्समध्ये ठेवली, तेव्हा नावं परत दिसली. नंतर सुट्टीत बसून त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. रूपांतर करताना काही जोडाक्षरं बिघडतात, म्हणून प्रत्येक नाव जुन्या वहीशी ताडून बघितलं. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधली कागदपत्रं आहेत, ग्रामपंचायत असो, शाळा असो की भजनी मंडळ, त्यांनी संगणक बदलायच्या आधी हे करून ठेवावं. आणि जुना प्रिंटर नव्या प्रणालीवर चालतो का ते आधी तपासावं. आमचा चाललाच नाही, त्यामुळे छपाई अजून लॅपटॉपवरूनच होते.

आता मी काय करतो ते सांगतो.

माझ्या स्वतःच्या फोनवर नवं काही आलं की मी अजूनही त्याच दिवशी लावतो. तो माझा छंद आहे. पण बाबांच्या, बायकोच्या आणि गावातल्या फोनांवर मोठं अपडेट आलं की आधी त्यांचं काम विचारतो. पीक पाहणी चालू आहे का, धान विक्रीची नोंदणी आहे का, मुलीचा परीक्षेचा अर्ज भरायचा आहे का, घरात लग्न आहे का. असेल तर ते उरकू देतो. तोवर ज्यांच्या फोनवर ते आधी आलं त्या लोकांचे अनुभवही कळतात.

लावायच्या आधी फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतो. बॅटरी निम्म्याहून जास्त असू देतो, कारण आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. संगणकाच्या बायोसचं अपडेट तर इन्व्हर्टर असल्याशिवाय लावतच नाही. ते अर्ध्यात तुटलं तर मशीन सुरूच होत नाही.

दोन गोष्टी मात्र टाळू नयेत. दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट छोटं असतं, ते लावून टाकावं. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स नवी ठेवावीत. ती फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावीत, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीतून कधीच नाही. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

आणखी एक. २०२३ मध्ये फोनवर मोठा भोंगा वाजून आपत्तीच्या चाचणीचे संदेश आले होते. ते बंद कसे करायचे असं अनेकांनी मला विचारलं. मी कोणाचेही बंद करून दिले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं होतं ते आपण बघितलं आहे. तसं परत झालं तर तो भोंगा कामाला येईल. फोन शांत ठेवायच्या नादात ते सेटिंग बंद करू नका.

शेवटचं, घरातल्या मोठ्या माणसांबद्दल. त्यांच्या फोनमध्ये काहीही बदललं, तुम्ही बदललं असो की कंपनीने, तर तोंडी सांगून थांबू नका. समोर बसा, आपल्या फोनवरून त्यांना कॉल लावा आणि त्यांना तो स्वतः उचलू द्या. उचलता आला, की मगच उठा.